दोन भिंतींमधली जागा

मानवाने आजवर जेवढे शोध लावले त्यांत भिंत हा सर्वांत थोर शोध होय. विस्तवामुळे माणूस शिजवून खाऊ लागला, चाकामुळे हिंडू लागला. पण भिंत उभी राहिली तेव्हाच जगात पहिल्यांदा आत आणि बाहेर असा फरक पडला आणि माणसाला घर मिळाले. मानवी संस्कृतीच्या या पायाला रामकिसन गेल्या चैत्रात दुपारी पाठ टेकून बसला आणि लगेच उठला. पाठ पोळली होती. तो बाहेर जाऊन उन्हात बसला. तिथे त्यामानाने बरे होते.

घर तसे नवेच होते. वर स्लॅब, चारी बाजूंनी सिमेंटच्या ब्लॉकची एकेरी भिंत. पश्चिमेची भिंत दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन प्यायची आणि रात्रभर ते आत ओतायची. राजूरच्या अलीकडच्या त्या गावात आता सगळ्यांचीच घरे अशी होती. उन्हाळ्यात गाव गच्चीवर निजत असे आणि घरे खाली एकटीच तापत बसत. हा घराचा दोष आहे असे कोणाला वाटत नव्हते. घर पक्के होते, आणि पक्क्या घराबद्दल तक्रार करणे बरे दिसत नाही.

त्याच चैत्रात रामकिसनची बायको उषाबाई कुरडयांचा चीक हाटता हाटता चुलीपुढे आडवी झाली. डोक्यात ऊन गेले म्हणाले. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिचे डावे अंग तिच्या कामाचे राहिले नव्हते, आणि बोलणे एकेका शब्दावर आले होते. डॉक्टर रामकिसनला बाजूला घेऊन म्हणाले, "यांचं शरीर आता ऊन सोसणार नाही. पुढचा उन्हाळा थंड जागेत काढला तर आहेत. नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही."

"हां," रामकिसन म्हणाला.

तेव्हापासून तो बहुतेक एवढेच म्हणत असे. शेतात म्हणे, बाजारात म्हणे, भाकरी वाढू का विचारले तरी म्हणे. जिवंत अंग उषाबाईला निम्मे उरले होते. रामकिसनला किती उरले होते ते कोणी तपासले नव्हते.

घरात कूलर होता. त्यात घालायला पाणी असे तेव्हा लाईट नसे, लाईट असे तेव्हा पाणी नसे. दोन्ही असे तेव्हा हिवाळा असे.

अशा हिवाळ्यात, संक्रांतीला, त्यांची मुलगी अर्पिता घरी आली. तिने बांधकामाचा डिप्लोमा केला होता आणि जालन्यात एका बिल्डरकडे साईट बघण्याच्या कामावर होती. तिने तिळगूळ दिला, आईची वेणी घातली, आणि मग बोटे पसरून पश्चिमेच्या भिंतीला हात लावला.

"बाबा, ही भिंत नाही, तवा आहे. आत्ता एवढी गरम, तर वैशाखात काय होईल?"

"हां."

"हां नका म्हणू. हिच्या बाहेरून दुसरी भिंत घालायची. जाड, मातीची. दोन्हींच्या मधे वीतभर जागा मोकळी सोडायची, चारी बाजूंनी बंद. बाहेरची भिंत ऊन खाईल, मधली हवा ते आत येऊ देणार नाही. वरून चुन्याचा गिलावा. स्लॅब पुढं आलेलाच आहे, पावसाचं भ्या नाही."

रामकिसनने भिंतीकडे पाहिले, मग खाटेकडे पाहिले. "फागुन सरायच्या आत व्हईल?"

गेल्या नऊ-दहा महिन्यांतले ते त्याचे सर्वांत लांब वाक्य होते. अर्पिताने रजा टाकली.

वसंता गवंड्याला बोलावले. वसंताने तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले, भिंतीला एक फेरी घातली आणि निकाल दिला.

"ताई, एका भिंतीत भागून राह्यलं तं दुसरी कशाला? पहिलीला सोबत म्हणून?"

"मधी हवा कोंडायची, वसंतामामा."

"हवा बाहीर फुकट पडेल हाये. तिला कोंडून काय करता?"

"थर्मासमधी चहा गरम कसा ऱ्हातो? त्यालाबी दोन भिंती असतात."

"आमच्या घरी थर्मास न्हाई. चहा थंड व्हायच्या आदीच पोरं पिऊन टाकतेत." त्याने तंबाखू तोंडात टाकली. "बांधून देतो. तुमच्या म्हणण्यापरमानं देतो. पण गावात कुणी इचारलं तं हे माझं डोकं न्हाई, हे तेवढं सांगा."

मातीचा प्रश्न सोपा होता. रामकिसन आणि त्याचा धाकटा भाऊ कल्याण यांच्या घरांच्या मधे जुन्या पडलेल्या घराचा ढिगारा होता, पांढऱ्या मातीचा. वाटणीत जुन्या माळवदाची लाकडे अर्धी झाली, भांडी अर्धी झाली, उखळ एकाला आणि त्याचे मुसळ दुसऱ्याला गेले. ढिगारा मात्र कोणीच मागितला नाही, म्हणून तो सामाईक राहिला. रामकिसन कल्याणच्या ओट्यावर गेला.

"माती पायजे होती. भिंतीला."

कल्याण मोटरसायकल पुसत होता. "माती तं माती, दादा. इचारायचं काय त्यात? ने लागंल तितकी. तेवढी मला गाडी लावायला जागा व्हईल. वहिनी कशी हाये?"

"हाये."

"ने मंग. बिलकुल ने."

माती खणायची, चाळायची, तिच्यात गव्हाचा भुसा आणि पाणी घालून रात्रभर मुरवायची, आणि सकाळी तुडवायची. हे काम रामकिसनचे. माघातल्या पहाटे तो गुडघ्यापर्यंत धोतर खोचून गाऱ्यात उतरे आणि ऊन वर येईपर्यंत गोल गोल फिरत राही. गारा बर्फासारखा. पायांच्या भेगांत भुसा शिरे. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता; तो रामकिसनला कळला नाही, पाय धुताना अर्पिताला दिसला. तिने सुईने काढला. रामकिसन दुसरीकडे बघत बसला होता, जसे काही ती टाच शेजाऱ्याची होती.

मग साचा भरायचा, थापायचा, उचलायचा. ओल्या विटांच्या रांगा अंगणात पडू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या कडेवर उभ्या करायच्या, नंतर उलट्या करायच्या. कंबर धरली की रामकिसन तसाच वाकलेला राहून पुढची रांग धरी. सरळ होऊन पुन्हा वाकण्यापेक्षा ते परवडे. उषाबाईची खाट दारात आणून ठेवली होती. ती हे सगळे बघे. एकदा रामकिसनने एक वीट तिच्यापुढे धरली. तिने उजव्या हाताने चाचपली.

"वली," ती म्हणाली.

वीट ओलीच होती. त्याने ती परत नेऊन उन्हात ठेवली.

नव्या भिंतीचा पाया दगडाचा घेतला आणि वसंताने पहिला थर लावला. नवी भिंत जुनीला जागोजाग धरून राहावी म्हणून दोन्हींच्या मधे सळईचे तुकडे बसवायचे होते. ते आणायला रामकिसन राजूरला गेला. नेमकी चतुर्थी होती. गणपतीला गर्दी, रस्त्यावर नारळ-पेढ्यांची दुकाने, आणि दर्शन झालेली माणसे परतीच्या टेम्पोची वाट बघत गौतमचंद सेठच्या लोखंडाच्या दुकानापुढच्या सावलीत उभी. त्यांत रामकिसनच्या गावचेही होते.

"इतके बारके तुकडे?" गौतमचंदांनी गड्याला कापायला सांगत विचारले. "खुंट्या ठोकता का काय, रामकिसनभाऊ?"

"न्हाई. दोन भिंती बांधून राह्यलो. एकमेकीला बांधायला."

"दोन? आणि मधी काय?"

"मधी काही न्हाई."

गौतमचंद मनमोकळे हसले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते आणि हे हसणे बरोबर घेऊन आले होते म्हणत. "वा! आम्हाला इतका माल ठेवायला एक भिंत पुरत नाही, आणि तुम्ही काही नाही ठेवायला दोन बांधता! जरूर मोठी चीज दिसते!"

सावलीतली माणसेही हसली. रामकिसनने तुकडे पोत्यात घातले. गौतमचंदांनी विनोद केला होता, आणि दुकानापुढे तो विनोदच होता. टेम्पोत बसल्यावर तो विचार झाला. गाव आले तेव्हा त्याची माहिती झाली होती. राजूरचा सेठ स्वतः म्हणाला, की रामकिसन भिंतीत मोठी चीज ठेवून राह्यलाय.

सगळे बरोबर जुळत होते. जुन्या घराचा ढिगारा इतकी वर्षे कोणी हलवला नव्हता. तो रामकिसनने खणला. रामकिसनचा आजा निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या राज्यात ज्याच्याकडे जे होते ते त्याने पुरले होते, हे सर्वांना ठाऊक होते. मातीत काहीतरी लागले. सकाळी तो तांब्या होता, दुपारी कळशी झाली, आणि दिवे लागेपर्यंत हंडा झाला. नाहीतर खणून झाल्या झाल्या माणूस दोन भिंती कशाला बांधील? आणि मधे जागा कशाला सोडील?

राहिलेला संशय अर्पिताच्या कामाच्या पद्धतीने फिटला.

थर लावताना गारा मधल्या जागेत पडतो. तो साचला तर दोन्ही भिंती खाली एकमेकींना चिकटतात आणि ऊन तिथून आत येते. म्हणून अर्पिताने एक लांबट फळी दोन दोऱ्यांना बांधून त्या जागेत सोडली होती. पडणारा गारा फळीवर जमायचा. संध्याकाळी काम थांबले की रामकिसन आणि वसंता दोन बाजूंनी दोऱ्या धरून फळी सावकाश वर ओढत, तिच्यावरचा गारा घमेल्यात काढत, तो वाळू नये म्हणून वर ओले पोते टाकत आणि घमेले घरात सावलीला नेऊन ठेवत. मग मधल्या जागेत काही पडू नये म्हणून भिंतीवरही पोती अंथरत.

कल्याण हे आपल्या गच्चीवरून बघत होता. दिवस मावळताना दोन माणसे न बोलता भिंतीतून दोरीने काहीतरी जड वर काढतात, झाकतात, घरात नेतात. रोज. एकदा त्याला राहवले नाही.

"दादा, काय काढून राह्यले?"

"गारा."

"गारा," कल्याण म्हणाला. त्याने आपल्या बायकोकडे, कौसल्याकडे पाहिले. "ऐकलं? गारा. झाकून नेऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी वसंतानेही कामाच्या मधे हळूच विचारून घेतले. "दादा, आपसातली गोष्ट हाये. मी सांजंला घरी गेल्यावर तुमी इथं काय करता?"

"झोपतो."

"तसं न्हाई. म्हंजी काही ठुलं-बिलं असंल तं मला जागा सांगून ठिवा. तिथं मी थापी जरा हळू मारीन."

अर्पिता ओरडली तेव्हा तो कामाला लागला. पण त्या दिवसापासून तो दर विटेआधी त्या जागेत वाकून बघू लागला आणि काम मंदावले.

आता उषाबाईला बघायला माणसे येऊ लागली. ती पडली त्या वर्षभरात जेवढी आली नव्हती तेवढी आली. केळी घेऊन येत, खाटेपाशी बसत, आणि पाठ टेकायच्या निमित्ताने भिंतीशी सरकत. गिरिजाबाई म्हणून गल्लीतली म्हातारी होती. ती तर रोज येई.

"बरं वाटतंय का, उषे?" ती विचारी, आणि पाठीमागे हात नेऊन भिंतीवर बोटाची पेरे वाजवी. टक टक. "औषध घेती का?" टक टक. "पोकळ वाजतंय वं माय!"

"पोकळच हाये, आजी," अर्पिता म्हणाली.

"हां हां. तू तसंच म्हणशील. शिकलेली हायेस."

उषाबाई डोळे मिटून पडे. बाहेरूनही कोणीतरी वाजवत असे. आतून टकटक, बाहेरून टकटक. कधी ती उजवा हात उचलून एक बोट भिंतीकडे करी आणि म्हणे, "कोण?" रामकिसन बाहेर जाऊन बघे. जो असे तो म्हणे, "काही न्हाई, भिंत बघून राह्यलो. लई बराबर बांधली." रामकिसन म्हणे, "हां."

फाल्गुनाच्या शेवटी भिंत स्लॅबला भिडली. वरचे तोंड बंद केले. चुन्याचा गिलावा झाला, पांढरा फेक. अर्पिता कामावर परत गेली, दर रविवारी येते म्हणाली.

चैत्र लागला. गावातली घरे तापली, माणसे गच्चीवर चढली. पत्र्याखाली बांधलेली जनावरे धापा टाकू लागली. रामकिसन दुपारी शेतातून आला, हातपाय धुतले, खोलीत गेला. उषाबाई झोपली होती. दुपारची, तोंड जरासे उघडे, कपाळ कोरडे. गेल्या उन्हाळ्यात ती अशा वेळी ओल्या फडक्याखाली तळमळत असे. त्याने तळहात भिंतीवर ठेवला. भिंत गार म्हणता आली नसती. पण ती फक्त भिंत होती. त्याने हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. मग भाकरी खाल्ली.

वैशाखात कल्याण आला. एकटा आला, आणि ओट्यावर न बसता उभा राहिला.

"दादा, एक बोलायचं व्हतं."

"बोल."

"आपली वाटणी झाली तवा सगळं अर्धं झालं. बराबर?"

"हां."

"माती सामाईक ऱ्हायली. बराबर?"

"तूच ने म्हणला."

"माती ने म्हणलो. मातीत जे निघालं ते ने म्हणलो का?"

रामकिसनने त्याच्याकडे बघितले. "मातीत माती निघाली."

"मंग दाखव."

"काय दाखव?"

"भिंतीत काय हाये ते."

"काही न्हाई."

"काही न्हाई तं दाखवायला काय जातंय?" कल्याणचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "दादा, मला हंडा नको. खरं सांगतो. पण गावानं मला येड्यात काढलं. पारावर गेलो की इचारतेत, कल्याण, तुला किती दिलं? न्हाई दिलं म्हणलं तं हसतेत. सख्ख्या भावानं फसवलं अन् ह्यो गाडी पुसून राह्यला, म्हणतेत. माझी बायको बोलंना माझ्याशी."

"फोडली तं हिला ऊन लागंल."

"वहिनीचं नाव मधी घालू नको! भोकरदनच्या कोर्टात केस लावीन मी. भिंतीवर स्टे आणीन."

बांधून झालेल्या भिंतीवर स्टे आणून काय होते ते दोघांनाही माहीत नव्हते. कल्याण तसाच घरी गेला.

नंतर कल्याण रोज सकाळी पहार घेऊन यायचा, पश्चिमेच्या भिंतीपुढे बाभळीच्या सावलीत बसायचा, आणि सावली सरली की घरी जेवायला जायचा. फोडायचा नाही. पहार मांडीवर घेऊन बसायचा. त्याच्याजवळ आणखी दोघे-चौघे येऊन बसत. गप्पा होत, बिड्या ओढल्या जात, अधूनमधून कोणीतरी उठून भिंत वाजवून येई. आत उषाबाईची झोप मोडे. ती जेवण निम्मे टाकू लागली होती.

एका रविवारी अर्पिता आलेली असताना, ऊन डोक्यावरून पश्चिमेला कलले तरी कल्याण जेवायला न जाता बसून होता. कोणीतरी त्याला म्हणाले, "फोडायची न्हाई तं पहार कशाला आणतो रं? दात कोरायला?" माणसे हसली. कल्याण उठला आणि त्याने पहार भिंतीत घातली.

गिलाव्याची खपली पडली. आत उषाबाई ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. अर्पिता धावत बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काका, आधी मला मारा."

"सर बाजूला, पोरी. तुझ्याशी माझं भांडण न्हाई."

"तुमचं भांडण हवेशी आहे! आत हवा आहे नुसती!"

"मंग हवा दाखव."

आता सगळी गल्ली जमली होती. गिरिजाबाईला कोणीतरी बसायला पाट आणून दिला. रामकिसन गोठ्याकडून आला. त्याच्या हातात छन्नी आणि हातोडा होता.

"सर माय," तो अर्पिताला म्हणाला.

"बाबा!"

"ह्यो पहारीनं फोडंल. आतली भिंतबी जाईल, खाट तिथंच हाये. मी काढतो चार इटा. बघू दे. बघून झालं की लावून टाकू."

"मग ऊन उतरल्यावर काढा. आत्ता समोर ऊन आहे. भोक पडलं की सगळी गरम हवा आत जाईल, मग काय उपयोग?"

"सांजंला काढायचं म्हणजी?" कल्याण म्हणाला. "अंधारात हलवायचं? आत्ताच."

"आत्ताच," दोघे-तिघे म्हणाले. त्यांना घाई होती, कारण उभे राहून पाय भाजत होते.

अर्पिता बाजूला झाली. तिने घमेल्यात माती घेतली, पाणी घातले आणि हाताने कालवायला लागली. लावायची ती माती. तिचे डोळे गळत होते. घामाने की कशाने ते तिने पुसले नाहीत म्हणून कळले नाही.

रामकिसन गुडघ्यावर बसला. ऊन थेट पाठीवर. चुना छन्नीने सुटा केला, मग विटेच्या चारी बाजूंचा सांधा, टाचेतून काटा काढावा तसा. ज्या विटा त्याने तुडवून, थापून, उलथून पालथून वाळवल्या होत्या त्या आता बाहेर यायला तयार नव्हत्या. पहिली वीट निघाली तेव्हा त्याने ती फुटू न देता सावलीत ठेवली. दुसरी ठेवली. गिरिजाबाईसुद्धा काही वाजवत नव्हती. भिंत जाड होती, एका थराच्या मागे दुसरा थर होता. शेवटी डोके जाईल एवढे भोक पडले आणि रामकिसन उठून मागे सरला.

"बघ."

कल्याणने मोबाईलची बॅटरी लावली आणि डोके आत घातले. त्याची पाठ तेवढी बाहेर दिसत होती. घामाने चिकटलेला सदरा वर-खाली होत होता.

"काय हाये?" मागून आवाज आला.

सदरा डावीकडे सरकला, मग उजवीकडे.

"अरे काय हाये, कल्याण?"

"काही न्हाई," कल्याण आतून म्हणाला. त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला.

"खाली बघ. खाली ठुलं असंल."

कल्याणने डोके काढले, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि चाचपू लागला. सळईचे तुकडे लागले. वाळलेल्या गाऱ्याचे एक ढेकूळ लागले, ते त्याने बाहेर काढून दाखवले. तंबाखूची एक रिकामी पुडी निघाली. वसंताने ती ओळखली आणि हळूच पायाखाली घेतली. मग कल्याणचा हात थांबला. चाचपायचा थांबला, पण बाहेरही येईना.

"काय लागलं का?"

"गार हाये," कल्याण म्हणाला.

"काय गार हाये?"

"मधी. हात घालून बघ."

त्याने हात काढला आणि दुसऱ्याने घातला. दुसऱ्याने गाल भिंतीला लावून डोळे मिटले. "खरंच की." तिसरा आला. मग रांग लागली, गणपतीला लागते तशी, ढकलाढकली न करता. जो तो हात आत घालून थोडा वेळ उभा राही आणि मागच्याने खांद्याला हात लावला की सरके. गिरिजाबाईचा पाट पुढे आणला. तिला हात पुरेना म्हणून वसंताने तिला काखेत धरून उचलले.

"हात काढा," अर्पिता म्हणत होती. "काढा हात. बंद करायचंय."

"एक मिलट, ताई. एक मिलट."

रामकिसन ओली केलेली वीट दोन्ही हातांत धरून उभा होता. भोक ज्या बाजूला होते तिथे ऊन सरळ पडले होते. घमेल्यातल्या मातीवर कोरडी साय धरू लागली होती. अर्पिताने पुन्हा पाणी शिंपडले.

आतून उषाबाईचा आवाज आला. ह्या वेळी शब्द होता.

"झाक."

रांग थांबली. माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि हात धोतराला, सदऱ्याला पुसले, काही लागलेले नसताना. कोणाला वाटले बैलांना पाणी पाजायची वेळ झाली, कोणाला म्हशीची आठवण झाली. गल्ली मोकळी होऊ लागली. कल्याण तेवढा उभा राहिला. त्याने पहार उचलली, बघितली आणि लांब नेऊन गोठ्याच्या कुडाला टेकवली. परत आला.

"दादा, दे इकडं," तो म्हणाला, रामकिसनच्या चेहऱ्याकडे न बघता. "मी इट देतो, तू लाव. लवकर व्हईल."

रामकिसनने वीट त्याला दिली नाही, पण घमेले त्याच्याकडे पायाने सरकवले. कल्याण खाली बसून माती कालवू लागला. अर्पिता आत गेली, भिंतीवर हात ठेवला, बाहेर आली. "बाबा, तापायला लागली. लवकर."

"हां," रामकिसन म्हणाला, आणि भोकापाशी बसला.

तेवढ्यात ढिगारा होता त्या मोकळ्या जागेतून कौसल्या आली. भायापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, यायचे म्हणून तिने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला होता. पदराखाली दोन्ही हातांत काहीतरी झाकलेले होते. ती रामकिसनकडे पाठ करून, अर्पिताकडे तोंड करून उभी राहिली.

"अर्पिता, दादाला इचार गं माय, बंद करायची लई घाई हाये का म्हणावं. सकाळपासून लाईट न्हाई, दूध नासाय लागलं. सांजंपत्तोर एवढं पातेलं ठिवू द्या म्हणावं मधी."